४,२९,४९,६७,२९७ चा विभाजक शोधताना

२ चा ३२ वा घात घेऊन त्यात १ मिळवला की ४,२९,४९,६७,२९७ येते. ही मूळ संख्या असणार, असं सतराव्या शतकातल्या फर्मा या फ्रेंच गणितज्ञाला वाटत होतं. तिच्याच जातीच्या, म्हणजे २ च्या १, २, ४, ८ आणि १६ व्या घातात १ मिळवून येणाऱ्या ३, ५, १७, २५७ आणि ६५५३७ खरोखरच मूळ आहेत. पण १७३२ मध्ये ऑयलर या स्विस गणितज्ञाने ४,२९,४९,६७,२९७ चा विभाजक दाखवला. तो कोणता हे वाचायच्या आधीच मी पुस्तक मिटलं. मला तो वही-पेन घेऊन स्वतः शोधायचा होता.

पहिल्या रात्री ३, ७, ११, १३ असा ओळीने भाग देत गेलो. वर्गमूळ ६५५३६ च्या जवळ, आणि त्याखाली मूळ संख्या ६५४२! हा रस्ता सोडला.

मग वेगळा विचार केला. समजा एखाद्या मूळ संख्येने हिला भाग जातो. तिने २ च्या ३२ व्या घाताला भागलं तर बाकी −१ राहते, म्हणून ६४ व्या घाताला बाकी १. त्याआधी कुठेच १ येत नाही, आणि पुढेही तो दर ६४ घातांनीच येतो. आता फर्माचंच १६४० चं प्रमेय सांगतं की २ चा घात त्या मूळ संख्येहून एकाने कमी घेतला तर बाकी १ असते. म्हणजे विभाजकातून १ वजा केला की उरेल त्याला ६४ ने भाग जायलाच हवा. फर्माचा अंदाज खोडणारं हत्यार फर्मानेच घडवलेलं होतं! हे उमगलं तेव्हा बसवेना, उठून खोलीत फेऱ्या मारल्या.

आता उमेदवार मोजकेच: १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१... अख्खा भागाकारही करावा लागत नाही. ६५५३६ म्हणजे २ चा १६ वा घात, त्याचा वर्ग म्हणजे ३२ वा; म्हणून ६५५३६ ला भागायचं, बाकीचा वर्ग करून पुन्हा भागायचं, मग १ मिळवायचा. १९३ ला १०९ उरले, २५७ ला २, ४४९ ला ३२५, ५७७ ला २८८, ६४१ ला ५४१. पुढे ७६९, ११५३, १२१७, १४०९. कशानेच भाग जाईना.

दोन दिवसांनी शाळेत शिकलेला नवाचा ताळा (अंकांची बेरीज एका अंकावर आणून उत्तर पडताळणं) प्रत्येक ओळीला लावत बसलो. ६४१ च्या ओळीत १५४ चा वर्ग मी २३६१६ लिहिला होता. १५४ च्या अंकांची बेरीज १०, म्हणजे १. वर्गाचीही १ च यायला हवी, येत होती ९. खरा वर्ग २३७१६. त्याला ६४१ ने भागलं, ६४० उरले, १ मिळवला. बाकी शून्य!

दुसरा अवयव ६७,००,४१७. तो तरी मूळ आहे का? त्याचं वर्गमूळ २५८८ च्या आसपास, आणि त्याचा प्रत्येक विभाजक मोठ्या संख्येचाही विभाजक असणार. त्यामुळे चुकीच्या वाटेवर तपासलेले ७६९ ते १४०९ इथे आपोआप बाद झाले. उरले फक्त ६४१, १६०१ आणि २११३. बाक्या आल्या ४४, २३२ आणि ९४. मूळच आहे.