टेक्कनच्या आदल्या दिवशी

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितोय. म्हणजे पुढच्या वेळी नुसती लिंक पाठवता येईल. मी 'अंडर नाईट' हा छोटासा फायटिंग गेम खेळतो हे कळलं की फायटिंग गेमवाल्या मंडळींचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो: "टेक्कन ८ च्या आदल्या दिवशी गेम काढायची अवदसा कोणाला आठवली?" जणू तारीख मीच काढून दिली होती.

तर हो. 'अंडर नाईट इन-बर्थ टू' २५ जानेवारी २०२४ ला आला आणि 'टेक्कन ८' २६ ला. गावात पाटलाच्या पोराचं लग्न, आणि नेमका तोच मुहूर्त आपण धरलेला. तारखेमागचा हिशोब मला कोणी फोन करून कळवलेला नाही. पण जरा मोठ्या फायटिंग गेम्सचं कॅलेंडर काढून बसा. जून २०२३ मध्ये स्ट्रीट फायटर ६, सप्टेंबरात मॉर्टल कॉम्बॅट १, १४ डिसेंबरला ग्रॅनब्लू व्हर्सस रायझिंग, जानेवारीत टेक्कन. यात रिकामी जागा कुठे आहे ते दाखवा.

"मग दोन महिने थांबायचं होतं." हे वाक्य तुमच्या आधी माझंच आहे. ग्रुपवर तेव्हा तावातावाने टाइप केलं होतं. आता त्या माझ्याशीच भांडावंसं वाटतं. कथेचा गेम संपतो आणि माणूस पुढचा घ्यायला मोकळा होतो. फायटिंग गेम संपतच नाही. दोन महिन्यांत एका पात्राचे कॉम्बो, म्हणजे सलग फटक्यांच्या साखळ्या, बोटांत बसलेले असतात. ते सोडून दुसरीकडे पुन्हा भोपळ्यापासून सुरुवात करायला कोण येणार? शिवाय त्याच जुलैत लास व्हेगासला इव्हो, म्हणजे फायटिंग गेमची मोठी स्पर्धा होती, आणि तिच्या मुख्य यादीत हा गेम होता. उशिरा काढला असता तर तयारीचे तेवढे महिने गेले असते.

आणि बरी तारीख म्हणजे तरी काय? याचीच आधीची आवृत्ती कन्सोलवर आली २० फेब्रुवारी २०२०ला. पुढच्याच महिन्यात जग घरात कोंडलं गेलं, स्पर्धा ऑनलाइन गेल्या, आणि हिचं नेटकोड, म्हणजे ऑनलाइन मॅच जुळवणारी यंत्रणा, जुन्या पद्धतीचं, डिले-बेस्ड. समोरच्याचं कनेक्शन जरा ढिलं असलं की बटण दाबल्यावर हात कधी उठेल ते नशिबावर. टेक्कनने काही केलं नव्हतं तेव्हा. नवीन गेममध्ये रोलबॅक हे सुधारलेलं नेटकोड आलं, तर तारीख ही अशी.

पण २६ जानेवारीचं सांगतो, कारण तुमच्या प्रश्नाने मला का चावल्यासारखं होतं ते त्यात आहे.

प्रजासत्ताक दिन शुक्रवारी आला होता, म्हणजे सलग तीन सुट्ट्या. पुण्यातल्या एका गेमिंग कॅफेत मी 'अंडर नाईट'साठी एक कोपरा मागून घेतला होता. येतो म्हणणारे बरेच होते. आले सगळे, आणि बसले टेक्कनच्या टेबलावर. त्यात नवल नव्हतं. आपल्याकडे टेक्कन ३ मध्ये एडी हे पात्र घेऊन वाटेल ती बटणं बडवत सगळी पिढी मोठी झाली आहे.

माझ्याकडे एकच मुलगा आला, कॉलेजातला, हा गेम कधीच न पाहिलेला. मी त्याला स्क्रीनच्या खालची ती मधली पट्टी समजावली, जीआरडी. पुढे सरकलास की तुझे चौकोन भरतात, मागे पळालास की जातात. दर काही सेकंदांनी पट्टीची फेरी संपते, तेव्हा ज्याचे जास्त त्याला व्होर्पल, म्हणजे त्याचे फटके जोरात बसणार. सहसा हे ऐकून डोळे निर्जीव होतात. याचे झाले नाहीत. तिसऱ्या-चौथ्या मॅचला तो पट्टीकडे बघून पुढे यायला लागला, आणि एकदा मला कोपऱ्यात दाबून व्होर्पल घेऊन खुर्चीतच उडाला. तेवढ्यात पलीकडून मित्राची हाक आली, "अरे ये, पॅड मोकळं झालंय!"

"दादा, एक मॅच टाकून येतो," म्हणाला. फार सभ्य पोरगा. परत आला नाही.

संध्याकाळी कॅफेवाल्याने विचारलं, "सर, तुमचा सेटअप रिकामाच आहे, टेक्कन लावू का?" लावा म्हटलं. आणि हे मी कोणाला सांगत नाही, पण मीही टेक्कन आधीच घेऊन ठेवला होता. कॅफे बंद होईपर्यंत मीही तोच खेळलो. मजा आली.

मला राग विक्रीचा नाही. टेक्कनच्या महिन्याभरात वीस लाख प्रती गेल्या; आम्ही त्या पंगतीत नव्हतोच. राग तो मुलगा हातचा गेल्याचा आहे. छोट्या गेममध्ये नवख्याला नवखाच लागतो, आणि तो फक्त पहिल्या दोन-तीन आठवड्यांत मिळतो. नंतर आलेल्याला ऑनलाइन कोण भेटतं? २०१२ च्या आर्केड आवृत्तीपासून मुरलेले लोक. दहा मॅच हरतो आणि गेम डिलीट करतो. त्याला तरी काय बोलणार.

म्हणून तारखेने फरक पडतो, हे तुमचं खरं. पण फेब्रुवारीत काढला असता तर तो मुलगा माझ्याकडे टिकला असता का? फेब्रुवारीत तो टेक्कनची रँक चढत असता, माझ्या कोपऱ्यात आलाच नसता. २५ जानेवारी होती म्हणून निदान तेवढा वेळ तरी बसला, असंही कधी वाटतं. मग वाटतं, ही आपली पळवाट आहे. आणि नोव्हेंबर म्हणू नका, तिथे कॉल ऑफ ड्यूटी असतो.