कुंभार्ली घाटात गाडीचा दम गेला
गेल्या पावसाळ्यात चिपळूणहून कराडला येताना कुंभार्ली घाटात आमची डिझेल गाडी अचानक ओढेनाशी झाली. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबूनही जेमतेम २० चा वेग, मागे काळा धूर आणि बॉनेटखालून फुस्स आवाज. हॅझर्ड लावून रुंद जागी थांबलो, मागच्या चाकांना दगड लावले. इंजिन निवल्यावर पाहिलं, तर टर्बोचा (इंजिनात दाबाने हवा भरणाऱ्या पंख्याचा) रबरी पाइप क्लिपमधून निसटलेला, तोंडाशी तेलाचा चिकट थर. दाबाची हवा बाहेरच जात होती. मग डिझेल पुरतं जळणार कसं? पाइप पुसून बसवला, क्लिप आवळली, गाडी पुन्हा ओढू लागली. धूर नसता तर मला आधी डिझेल फिल्टर तुंबल्याचा संशय आला असता. पण ऑइलचा किंवा तापमानाचा लाल दिवा लागला, तर इंजिन लगेच बंद करा, गाडी अजिबात रेटू नका.