दोन भोकं

तीन दिवस झाले, अर्धं जातं अंगणात पडून आहे आणि माझं डोकं त्याच्यापाशीच.

रविवारी रिठाकडे, म्हणजे उठून गेलेल्या गावाच्या जागेकडे, गेलो होतो. पानगळ झाली की तिकडची जमीन दिसते, एरवी नुसतं रान. सागाच्या वाळल्या पानांवर पाय पडला की असा आवाज होतो की कोसभरावरचे रोही कान टवकारतील. नाला ओलांडला की साग एकाएकी विरळ होतो. चार म्हाताऱ्या चिंचा, सीताफळाची झुडपं आणि पायाखाली राखेसारखी माती. काळीत शेत, पांढरीत गाव, हे आबांनी मला इथंच उभं करून शिकवलं. खापरं, बांगड्यांचे तुकडे दरवर्षीच सापडतात. यंदा चिंचेच्या मुळ्यांत जात्याची वरची तळी अडकलेली होती. अर्धीच. उपसून काढली, खांद्यावर दुपट्टा टाकून त्यावर घेतली आणि घरी आणली.

'पुसदला १९३० साली बापूजी अण्यांनी जंगलातलं गवत कापून कायदा मोडला, आपण दगड उचलला,' असं दादाला ऐटीत सांगितलं. तो हसला नाही. त्या जागेच्या वाटणीवरून अजून... असो.

बोअरच्या पाण्यानं घासून धुतलं तेव्हा दिसलं. खुंट्याचं भोक झिजून इतकं ऐसपैस झालेलं की खुंटा त्यात डुगडुगलाच असता. म्हणून चार बोटं सोडून बाजूला दुसरं भोक पाडलेलं. त्या दुसऱ्याच्या कडा मात्र अजून टाकीच्या घावांच्याच. बोट फिरवलं तर खरखर लागतात.

म्हणजे भोक नवं पाडलं आणि मग फार दळणं झालीच नाहीत.

ज्याला गाव सोडायचं असतं तो जात्याला नवं भोक कशाला पाडेल? पाथरवटाला बोलावलं असेल, त्याला पायलीभर जवारी मोजली असेल. आणखी वीस वर्षं तरी दळू, असा हिशेब असेल. आबा म्हणायचे रिठ मानमोडीत उठलं. १९१८ च्या त्या तापानं मध्यप्रांत-वऱ्हाडाला फार झोडपलं होतं, तेव्हा खोटं नसेल. माय म्हणते विहीर आटली. तलाठ्याच्या कागदावर मौजा आजही आहे, राहणारं कोणी नाही. पण मानमोडी काय, विहीर काय, मला त्याचं एवढं नाही. मला ते भोक सुटत नाही.

मागच्या उन्हाळ्यात आपण स्लॅब टाकला. वरची खोली लहान्यासाठी. परवा त्याचा पुण्याहून फोन आला, फ्लॅटचं बुकिंग केलं म्हणे. मी 'बरं झालं' म्हणालो. रात्री वर जाऊन उगाच चौकटीवरून हात फिरवला. रंगाचा वास अजून गेलेला नाही. आपणही कोणाच्या तरी पायाखालचं खापर, असलं काहीबाही मनात येत राहिलं. अंधारात जरा रडूही आलं, खोटं कशाला सांगू. मग मच्छर चावायला लागले तसा खाली आलो.

माय पहिल्याच दिवशी ओरडली होती. "कायले आणलं बापा हे? कोनाच्या घरची लक्ष्मी व्हय थे! जिथचं तिथं ठिऊन ये." फुटकं जातं घरात नको म्हणून दोन दिवस तिनं त्याच्याकडे पाहिलंही नाही.

आज सकाळी तेच उचलायला गेलो तर अंगणात नाही. शोधत वर गेलो. नव्या स्लॅबवर मायनं धोतर अंथरून कुरडया घातलेल्या. तीन कोपऱ्यांवर विटा, चौथ्यावर जातं. वारा सुटला होता, पण तो कोपरा हालत नव्हता.

"नेऊन ठेवतो म्हटलं," मी म्हणालो.

"थांब नं," माय म्हणाली, "कुरडया वाळू दे."