नळदुर्गच्या आभाळातली विमानं

सोलापूरहून हैदराबादच्या रस्त्याला लागलं की तासाभरात नळदुर्ग येतं. पावसाळ्यात इथली गर्दी नर-मादी धबधब्यासाठी असते. मी मात्र आलो होतो ते १९४८ च्या सप्टेंबरसाठी, निजामाचं हैदराबाद संस्थान भारतात आणणाऱ्या लष्करी कारवाईसाठी, म्हणजे पोलीस अॅक्शनसाठी.

आधी उपल्या बुरुजावर चढलो. वर लांबलचक तोफा आहेत, एकीचं तोंड मगरीसारखं घडवलंय. तिथून बोरी नदी आणि आजूबाजूचा सगळा मुलूख नजरेत येतो. १३ सप्टेंबरला मेजर जनरल चौधरींचं भारतीय सैन्य सोलापूरकडून याच बाजूनं शिरलं आणि बोरीवरचा पूल ताब्यात घेतला. पोलीस अॅक्शनची ही हकिगत आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे. सैन्याच्या डोक्यावर काय चाललं होतं, ते फार कमी सांगितलं जातं.

उमरग्याच्या पुढे राजेश्वरच्या वाटेवर निजामाची माणसं दबा धरून बसली होती. आधी विमानांनी टेहळणी करून ती हेरली आणि मग टेंपेस्ट विमानांना बोलावणं गेलं. एका वैमानिकाचं विमान, पंखांत २० मिलिमीटरच्या चार तोफा.

उमरग्यात चहाच्या टपरीवर एक आजोबा भेटले. विमानं आठवतात का, म्हणून विचारलं. "इमान दिसायच्या आधी आवाज यायचा. माय हाताला धरून घरात वढायची," ते म्हणाले आणि बराच वेळ आभाळाकडं बोट करून दिशा दाखवत राहिले.

तेव्हा आपल्या हवाई दलाला सोळा वर्षंही पुरी झाली नव्हती. ८ ऑक्टोबर १९३२ ला स्थापना. १ एप्रिल १९३३ ला कराचीच्या ड्रिग रोडवर पहिली तुकडी उभी राहिली, ती चार वापिती विमानं आणि पाच भारतीय वैमानिकांवर. वापिती म्हणजे दुहेरी पंखांचं, उघड्या बैठकीचं, तेव्हाच जुनं झालेलं विमान. त्या पाचांतले सुब्रोतो मुखर्जी १९४८ ला एअर व्हाइस मार्शल होते आणि हैदराबादच्या कारवाईतली हवाई बाजू त्यांच्याकडे होती. मधल्या काळात महायुद्ध झालं, फाळणीत विमानं वाटली गेली, आणि लगेच ऑक्टोबर १९४७ ला डाकोटा विमानांतून श्रीनगरला सैन्य उतरवावं लागलं. एवढं सोसून वर्षभरात हे दल आपल्यासाठी उडालं. १७ सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिदिनी, शाळाशाळांत झेंडा लागतो, हुतात्म्यांची नावं घेतली जातात, घेतलीच पाहिजेत. त्याच दिवशी मुलांना मुखर्जींचंही नाव कळावं, असं मला मनापासून वाटतं. १९५४ ला हवाई दलाचे पहिले भारतीय प्रमुख झाले ते हेच.

आणखी एक गोष्ट जिवाला लागते. पहिल्या महायुद्धात ब्रिटिशांच्या ११० क्रमांकाच्या तुकडीला विमानं दिली ती निजामानं. त्यांवर त्याचं नाव रंगवलेलं असे. त्यातलं एक आजही लंडनच्या संग्रहालयात आहे. निजामाच्या तिजोरीत मराठवाड्याचा शेतसाराही जायचा. आणि १९४८ ला त्याच निजामाकडे लढाऊ विमानांचं स्वतःचं दल नव्हतं. शस्त्रं आणायला सिडनी कॉटन या ऑस्ट्रेलियन वैमानिकाची विमानं होती, ती कराचीहून रात्री निघून बिदरला उतरायची.

उमरग्याहून बिदर दूर नाही, म्हणून तसाच पुढे गेलो. तिथं आता हवाई दलाचं मोठं प्रशिक्षण केंद्र आहे, नवे वैमानिक तिथं उड्डाण शिकतात. तळावर आपल्याला जाता येत नाही, पण बिदरच्या किल्ल्यावर थोडा वेळ काढलात तर सरावाची विमानं दिसू शकतात.