खारीच्या पाण्याची वही : नोव्हेंबर ते मार्च

४ नोव्हेंबर

साडेसातला घरी आले तर स्टीलचा वाडगा उपडा पडलेला. पाण्याचा ओघळ फरशीवरून थेट टीव्हीच्या कपाटाखाली गेला होता, एक्स्टेन्शन बोर्डापासून जेमतेम वीतभर लांब. माझी मांजर खारी ओट्यावर चढून नळाच्या तोटीला जीभ लावून बसली होती. बोर्ड बघून पोटात गोळा आलाच, पण ती तोटीला लागलेली जीभ जास्त लागली. दिवसभरात कधी लवंडलं आणि तेव्हापासून ती किती वेळ पाण्याविना होती, हे कळायला मार्गच नव्हता. म्हणून आजपासून वही घातली आहे. ज्यांच्या घरात हाच प्रकार चालू आहे त्यांना उपयोगी पडावी म्हणून आकड्यांसकट लिहिते आहे.

खारी तीन वर्षांची, नसबंदीचं ऑपरेशन झालेली मादी, वजन ३.८ किलो. बेकरीतल्या खारीच्या रंगाची म्हणून खारी. मांजराला साधारणपणे किलोमागे दिवसाला ५० मिली पाणी लागतं, त्यात खाण्यातून मिळणारंही धरायचं. म्हणजे हिचे १९० मिली. सकाळी कोरडं खाणं असतं, त्यात पाणी दहा टक्क्यांच्या आसपास. रात्री उकडलेलं चिकन पाण्यासकट. तेव्हा वाडग्यातलं पाणी तिच्या पोटात जाणं गरजेचंच आहे. मांजरांचे पूर्वज रखरखीत प्रदेशातले रानमांजर. त्यांची लघवी घट्ट आणि तहान बेताची. पाणी कमी पडलं तरी मांजर मागत नाही, हीच खरी काळजी.

७ नोव्हेंबर

आधी डॉक्टरांना दाखवून आले. मांजर एकाएकी पाण्याशी जास्त घुटमळायला लागलं तर मूत्रपिंड आणि साखर तपासून घ्यावी, म्हणून. दोन्ही व्यवस्थित आहे. (बोका वारंवार शी-शूच्या मातीत जाऊन कुंथत असेल आणि लघवी होत नसेल तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. त्यात भांड्याचे प्रयोग करत बसू नका.)

१० नोव्हेंबर

वाडगा का कलंडतो ते आज पट्टी घेऊन मोजलं. तोंड १५ सेंमी, बूड ९ सेंमी. म्हणजे काठ बुडाच्या चहूबाजूंनी ३ सेंमी बाहेर. वाडगा १५० ग्रॅम, पाणी ३०० ग्रॅम, मिळून ४५०. काठावर सरळ खाली दाब दिला तर वाडगा बुडाच्या कडेवर फिरतो. मधोमधचं वजन त्या कडेपासून साडेचार सेंमीवर, पंजा तीन सेंमीवर. हिशेब केला तर ६७५ ग्रॅमचा दाब पुरे. मांजराचं निम्म्याहून जास्त वजन पुढच्या दोन पायांवर असतं, म्हणजे खारीच्या एका पंजावर किलोभर सहज येतं. तिनं ढकलण्याची गरजच नाही. नुसता पंजा काठावर टेकून पुढे वाकली की वाडगा उलटणार.

हे समजल्यावर तिच्याबद्दलचा माझा राग गेला. दुकानात मांजरांसाठी म्हणून मिळणारी कितीतरी भांडी अशीच असतात, तोंड मोठं आणि बूड लहान. खाली रबराची कडी लावली की ती सरकत नाहीत एवढंच. कलंडणं त्यानं थांबत नाही. उलट बूड जागेवर अडकल्यामुळे ढकललेलं भांडं सरकायच्या ऐवजी उलटतं. बुडाची रुंदी तोंडाएवढी किंवा जास्त असेल तर काठावर कितीही भार द्या, भांडं हलत नाही. भांडं घ्यायला जाल तेव्हा ते उपडं करून बघा. मी आता तेच करते.

१५ नोव्हेंबर

आईनं माळ्यावरचा दगडी खल काढून दिला. "हा तुझ्या मांजरीच्या बापालाही हलायचा नाही," म्हणाली. बत्ता बाजूला ठेवला, खल घासून, उन्हात वाळवून पाणी भरलं. नुसता उचलायला दोन हात लागतात.

२२ नोव्हेंबर

आठवड्यात खल एकदाही लवंडला नाही. तरी रोज सकाळी त्याच्याभोवती थारोळं. इथे मी चक्रावले.

नुसतं "ओलं होतं" म्हणून भागणार नाही, म्हणून मोजायची युक्ती काढली. कोरडा पंचा स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवला : ११२ ग्रॅम. त्याची घडी खलाखाली पसरली. रात्री नऊ ते सकाळी सात. सकाळी पंचा २७० ग्रॅम. म्हणजे १५८ ग्रॅम पाणी नुसतं बाहेर. पंचा रात्रभरात थोडा वाळतोच, तेव्हा खरा आकडा याहून जास्तच असणार. हाच पंचा जुन्या वाडग्याखाली ठेवला, तर न लवंडलेल्या रात्री तो १३० च्या आसपास वाढायचा. खल जड, तरी सांडणं वाढलेलं!

तेव्हा लक्षात आलं की मी दोन वेगळ्या गोष्टींना एकच नाव देत होते. खारी पाणी लवंडत होती आणि उपसतही होती. खलानं लवंडणं थांबलं. उपसण्याशी वजनाचा काही संबंध नाही.

२९ नोव्हेंबर

आजची नोंद सगळ्यात महत्त्वाची, म्हणून सविस्तर.

रविवार होता. फरशीवर पालथी झोपले, फोन विटेला टेकवला आणि स्लो मोशन लावून वाट बघत राहिले. अकराच्या सुमारास खारी आली. बसली. नाक पाण्याच्या दिशेनं नेलं, थबकली, मागे घेतलं. मग उजवा पंजा वर केला, बोटं जराशी फाकली, आणि पंजा खाली येऊ लागला, अगदी अंधारात जिना उतरताना आपण पाय टाकतो तसा. मधल्या दोन बोटांची लव पाण्याला टेकली, वर्तुळ उठलं. तिनं पंजा झटकला. पाणी हिंदकळत असतानाच मान खाली घालून प्यायली. पाणी स्थिर झालं की पुन्हा थांबली आणि पुन्हा पंजा. पाच मिनिटांत सात वेळा. दर वेळी झटकलेले थेंब दोन-दोन फुटांवर.

याला खेळ म्हणता येणार नाही. पाणी कुठून सुरू होतं हे ती चाचपून बघत होती.

मांजराला अगदी जवळचं नीट दिसत नाही. साधारण २५ सेंमीच्या आतल्या वस्तूवर त्याची नजर ठरत नाही, तिथे ते मिशांवर अवलंबून असतं. स्थिर, स्वच्छ पाण्याचा पृष्ठभाग तर आपल्यालाही वरून पटकन कळत नाही. त्यात माझा खल काळा, खोल आणि अर्धाच भरलेला. म्हणजे मी तिला विहिरीत बघायला लावलं होतं. १३० चे १५८ का झाले याचं उत्तर मिळालं.

आणि मांजराला पृष्ठभाग नेमका कळावाच लागतो. कुत्रा जीभ पाण्यात बुडवून पितो. मांजर तसं पीत नाही. २०१० च्या नोव्हेंबरात 'सायन्स' या नियतकालिकात अमेरिकेतल्या चार संशोधकांचा यावर लेख आला होता. त्यातल्या एकानं, रोमन स्टॉकर यांनी, आपल्याच घरच्या मांजराला पिताना बघून हा विषय हाती घेतला. त्यांनी जलद चित्रण करून दाखवलं की जिभेचं गुळगुळीत टोक मागे वळून पाण्याला नुसतं टेकतं, मग झटक्यात वर जातं. त्याच्या मागोमाग पाण्याचा एक बारीक खांब वर ओढला जातो, आणि तो खाली कोसळायच्या आत मांजर तोंड मिटतं. सेकंदाला चारेक वेळा. माझ्या चित्रफितीतही तो खांब एका ठिकाणी दिसला. काचेच्या काडीसारखा, टोकाशी निमुळता. मी तो भाग किती वेळा मागे-पुढे करून पाहिला ते सांगत नाही.

जिभेचं टोक टेकायचं तर आधी पातळी ठाऊक हवी. पाण्यात नाक बुडणं तिला नको आहे. म्हणून पंजा.

८ डिसेंबर

कसबा पेठेतल्या कुंभारवाड्यातून मातीचं परळ आणलं. पसरट, उथळ, काठोकाठ भरता येणारं. बूड किंचित गोल म्हणून डुगडुगत होतं, तर आजीच्या जुन्या सुती लुगड्याच्या पट्टीची चुंबळ वळून त्यावर बसवलं. डोक्यावर हंडा पेलायला जी घालतात तीच. चुंबळ ही फार गुणी वस्तू आहे. भांड्याच्या अंगाला चपखल बसते, धक्का जिरवते, आणि खाली पंजा घालायला फट राहत नाही. ज्यांच्याकडे गोल बुडाचं भांडं आहे त्यांनी पैसे खर्च करायच्या आधी ही करून बघावी.

पण झिलई नसलेलं मातीचं भांडं पाझरतं. चार दिवसांत चुंबळ ओलीचिंब, सहाव्या दिवशी वास. पंच्याचं वजनही निरुपयोगी, पाझरलेलं किती आणि सांडलेलं किती हे वेगळं करता येईना. परळ गच्चीत हलवलं.

२१ डिसेंबर

तुळशीबागेत फिरून पांढरं चिनी मातीचं भांडं मिळालं. बाजू सरळ, तोंड २२ सेंमी, बूडही तेवढंच, उंची ६ सेंमी. आतून पांढरं म्हणून पाण्यात काही पडलं तर लगेच दिसतं. काठापासून एक सेंमी सोडून भरते. तीन रात्रींची पंच्याची वाढ : ६४, ५८, ७१.

इथे एक चूक होता होता राहिली. दिवसअखेर भांड्यातलं पाणी खूप कमी दिसलं, वाटलं खारी भरपूर पिते आहे. सुदैवानं तसंच दुसरं भांडं फडताळावर, तिचा पंजा पोचणार नाही अशा जागी ठेवलं होतं. त्यातूनही चोवीस तासांत ४३ ग्रॅम गेले होते, नुसतं हवेत. पसरट भांड्यातून पाणी जास्त उडतं. पिण्याचा हिशेब ठेवणाऱ्यांनी असं साक्षीदार भांडं ठेवल्याशिवाय आकड्यांवर विसंबू नये.

३ जानेवारी

गोटा टाकला, आणि काम झालं.

मुळशीकडच्या ओढ्यातला, गुळगुळीत, मुठीपेक्षा मोठा गोटा. मिठानं घासून दोन दिवस उन्हात. भांड्यात मध्यापासून जरा बाजूला ठेवला, असा की अर्धा पाण्यात आणि अर्धा वर. पाणी जिथे दगडाला टेकतं तिथे ओल्या-कोरड्याची रेघ उमटते. ती रेघ म्हणजेच पातळी. खारी आली, गोट्याचा वास घेतला, त्याच्यावर पंजा ठेवला, आणि गोट्याच्या कडेला तोंड लावून प्यायली. पाण्यात पंजा नाही. पहिली रात्र : २२ ग्रॅम. दुसरी : १९. पाचवी : २४.

गोटा मोठाच घ्या. तोंडात मावेल असा खडा नको. आणि रोज उचलून त्याच्याखालचा बुळबुळीत थर घासून काढा, तो लगेच धरतो.

१९ जानेवारी

मधेच आकडा ८० वर गेला. दोन दिवस डोकं खाजवलं. मग आठवलं, पाहुणे आले म्हणून भांडं स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात सरकवलं होतं, खाण्याच्या ताटलीला लागून. तिथे पिताना तिची पाठ दाराकडे होत होती. ती घाईघाईत पिऊन मागे वळायची, वळताना पाय भांड्यात. मांजराच्या घरातल्या गरजांविषयी अमेरिकेतल्या आणि आंतरराष्ट्रीय मांजरवैद्यकांच्या संघटनांनी २०१३ मध्ये मिळून जी सूत्रं काढली, त्यात खाणं, पाणी, शी-शूच्या मातीचं भांडं, झोपण्याची जागा हे सगळं एकमेकांपासून लांब आणि एकाहून जास्त ठिकाणी ठेवावं असं स्पष्ट आहे. भांडं परत बैठकीत नेलं, भिंतीपासून फूटभर पुढे, जिथून तिला दार दिसतं. दुसऱ्या दिवशी २१.

उलट्या बाटलीचं आपोआप भरणारं भांडंही मधे आठवडाभर मागून आणलं होतं. बुडबुड आवाज झाला की ती पळून जायची. परत केलं.

२२ फेब्रुवारी

आता भांड्याखाली कडप्प्याचा तुकडा आहे, फरशीच्या दुकानात कापून उरलेला, ३० बाय ३० सेंमी, दोन सेंमी जाड. पाच किलोच्या आसपास भरतो. गुळगुळीत फरशीवर भांडं सरकायचं ते थांबलं, आणि सांडलेलं वीसेक ग्रॅम दगडावरच राहून वाळतं. एक्स्टेन्शन बोर्ड मी तरीही भिंतीवर चढवून घेतला आहे.

११ मार्च

ऊन तापलं. साक्षीदार भांडं आता दिवसाला ७० ग्रॅमवर आलं आहे, म्हणून पाणी सकाळ-संध्याकाळ दोनदा भरते. पातळी खाली गेली की पंजा पुन्हा सुरू होतो, हे तीनदा पडताळलं. दोन बोटं पाणी उतरलं की ती लगेच चाचपायला लागते.

गच्चीतल्या परळाचा दुसरा जन्म झाला आहे. पाझरल्यामुळे त्यातलं पाणी माठातल्यासारखं गार राहतं. आज दुपारी ती बैठकीतलं भरलेलं भांडं ओलांडून गच्चीत गेली आणि परळाशी पुढचे पाय दुमडून बसून बराच वेळ प्यायली. परळात गोटा नाही. पण काठाच्या आत, कोरड्या लाल मातीवर जिथपर्यंत पाणी चढलंय तिथे गडद ओली रेघ आहे. तिनं नाक थेट त्या रेघेपाशी नेलं. उद्या बैठकीतल्या भांड्यातला गोटा काढून त्याच भांड्याच्या आतल्या बाजूला गेरूच्या रंगाची खापरी उभी टेकवून बघणार आहे. पंचा धुऊन वाळत घातला आहे.