यंदाची नावं

"यंदाची नावं वाचतात ओ, आमच्या ह्यांचं नाव वाचून आता कितीतरी वर्षं झाली." पोलीस स्मृतिदिनाच्या परेडला शेजारी बसलेल्या आजी हळूच म्हणाल्या आणि मला पुढचं काही ऐकूच येईना.

समोर शोकशस्त्र म्हणजे बंदुका उलट्या धरून दिलेली मानवंदना, बिगुल, वर्षभरात कर्तव्यावर गेलेल्या पोलिसांचं एकेक नाव. आजींच्या मांडीवर पिशवी, पिशवीत प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला फोटो, कडेने पिवळा पडलेला. दरवर्षी घेऊन येतात म्हणे, कुणी बघायला मागितला तर असावा म्हणून.

२१ ऑक्टोबर का, तर १९५९ साली लडाखमध्ये हॉट स्प्रिंग्जला चिनी सैन्याच्या हल्ल्यात आपले १० पोलीस गेले म्हणून. तुकाराम ओंबळे सगळ्यांना माहीत आहेत आणि असायलाच हवेत, हातात फक्त लाठी असताना त्या माणसाने कसाबची बंदूक धरून ठेवली. पण २००९ मध्ये गडचिरोलीत लाहेरीला नक्षलवाद्यांच्या हल्ल्यात एकाच दिवशी १७ पोलीस गेले, त्यातलं एक तरी नाव आपल्याला सांगता येईल का? मला नाही येत, आणि हे मला फार लागलंय.

जुन्या स्टेशन डायऱ्या, ग्रुप फोटो, निवृत्त हवालदारांच्या आठवणी, हे सगळं आत्ताच स्कॅन करून, रेकॉर्ड करून ठेवायला हवं, कारण सांगणारी माणसं थकत चाललीत. आजींच्या फोटोचा मी मोबाईलवर नीट फोटो काढला, मागे नाव, बक्कल नंबर, गाव लिहिलंय तेही.

तुमच्या घरात, ओळखीत असं कुणी आहे का?