शिवणयंत्रवाल्यांचं पिस्तूल

माझ्याकडे साडेतीन पिस्तुलं आहेत. साडेतीन म्हटलं की आपल्याला मुहूर्त आठवतात, पीठं आठवतात, शहाणेही आठवतात; त्या शेवटच्या यादीत बायको मला धरत नाही. अर्धं पिस्तूल म्हणजे दिवाळीतलं टिकल्यांचं, पत्र्याचं, भोसरीहून येताना बॅगेत टाकलेलं. विमानतळावर सगळ्यात जास्त खुलासे त्याचेच द्यावे लागले. बाकीची तीन इथे पेन्सिल्वेनियात रीतसर घेतलेली, तिजोरीत कुलूपबंद. तिन्ही नवीकोरी, पण घडण जुन्या वळणाची.

त्यातलं लाडकं म्हणजे 1911. हे त्याचं नावही आणि सालही. अमेरिकन सैन्याने ते त्या वर्षी मार्चमध्ये स्वीकारलं आणि थेट 1985 पर्यंत तेच चालवलं. ते बनवणारा जॉन ब्राउनिंग युटामधल्या ऑग्डेनचा. बापही बंदुकांचा कारागीर. 1926 मध्ये बेल्जियममध्ये लिएजजवळच्या कारखान्यात, कामाच्या जागीच गेला.

लोकांना वाटतं, यातली मजा चाप ओढण्यात असेल. महिन्यातून एखाद्या रविवारी नेमबाजीच्या रेंजवर जातो, नाही असं नाही; पण पन्नास काडतुसांनंतर कान आणि खिसा दोन्ही दुखायला लागतात. खरी मजा जेवणाच्या टेबलावर जुनी चादर पसरून ते उघडण्यात. मॅगझिन काढायचं, नळी रिकामी आहे हे दोनदा बघायचं. मग अंगठ्याने पुढची टोपी दाबून धरायची, चकती फिरवायची, स्प्रिंग हलकेच सोडायची. स्क्रू-ड्रायव्हर लागत नाही. एकदा अंगठा निसटला आणि ती टोपी उडून थेट देव्हाऱ्यात, अन्नपूर्णेच्या पायाशी. त्यानंतर आमच्या घरात चादर पसरण्याची जागा बदलली.

आत नळीच्या पोटाशी दोन भोकांची एक चिमुकली कडी असते. स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचं वरचं सरकतं आवरण, मागे गेली की या कडीवर नळी किंचित खाली झुकते आणि स्लाइडच्या खाचांतून सुटते. पुढे आली की पुन्हा वर चढून घट्ट बसते. इतकंच. पण हे हाताने सावकाश करून बघताना मला बाबा आठवतात. बाबा टर्नर होते. लेथवर चांगला उतरलेला जॉब हातात आला की ते काही बोलायचे नाहीत, नुसता दोन-तीनदा आत-बाहेर सरकवून बघायचे.

जोडताना मात्र नवशिक्याची फजिती ठरलेली. डावीकडची पिन नीट सरळ न बसवता रेटली की चौकटीवर चंद्रकोरीसारखा ओरखडा उठतो. शौकीन मंडळी त्याला सरळ ‘येड्याची खूण’ म्हणतात. माझ्या पिस्तुलावर ती पहिल्याच आठवड्यात उमटली.

पण मी या नादाला लागलो तो आईच्या शिलाई मशीनमुळे. काळं कुळकुळीत, सोनेरी वेलबुट्टीचं, पायाने चालवायचं सिंगर. अमेरिका दुसऱ्या महायुद्धात उतरण्याआधी, 1940 मध्ये, तिथल्या सरकारने त्याच सिंगर कंपनीला 1911 ची पाचशे नग बनवण्याची ऑर्डर दिली होती. ज्यांनी कधी बंदूक केली नाही, त्यांना जमतं का बघायला. जमलं, पण पुढे कंपनीला विमानविरोधी तोफांच्या नेमयंत्रांचं जास्त किचकट काम दिलं गेलं आणि पिस्तुलं पाचशेवरच थांबली. आज लिलावात त्यांतल्या एखाद्याची किंमत लाख डॉलरपुढे जाते. मला ती फोटोतच परवडतात. मग टाइपरायटरवाल्या रेमिंग्टन रँडने आठ लाखांहून जास्त बनवली. आणि आमच्या पिट्सबर्गजवळ स्विसव्हेलमध्ये रेल्वेचे सिग्नल बनवणाऱ्या युनियन स्विच अँड सिग्नलने 1943 मध्ये पंचावन्न हजार. त्या कारखान्याच्या जागी आता दुकानांचं संकुल आहे. शनिवारी तिथे गाडी लावताना मी हटकून ही माहिती देतो. मुलगी हटकून कानात इअरफोन घालते.

माझं स्वतःचं पिस्तूल फिलिपिन्सचं, मारिकिनात बनलेलं. ही गोष्ट मला टोचते. कारण या पिस्तुलाचं तोंड एवढं मोठं, पॉइंट फॉर्टी-फाइव्ह इंचांचं, झालं तेच मुळी फिलिपिन्समुळे. तिथे अमेरिकेचं राज्य असताना दक्षिणेकडच्या मुस्लिम मोरो लढवय्यांना थोपवायला जुनी पॉइंट थर्टी-एट रिव्हॉल्व्हरं कमी पडतात, अशी अमेरिकन सैन्याची तक्रार होती. तेल पुसताना ‘काय सुंदर यंत्र आहे’ असं मनात येतं, तेव्हा ते कशासाठी सुंदर केलंय तेही सोबत येतंच. भारतात असतो तर हा प्रश्न आलाच नसता. तिथे परवाना मिळवण्यातच निम्मं आयुष्य जातं आणि शस्त्र कायद्यातल्या 2019 च्या दुरुस्तीनंतर दोनच्या वर हत्यारं ठेवता येत नाहीत. म्हणजे माझा संग्रह अडीचवर आटोपला असता.

खंडेनवमीला मी पाट मांडतो. बाबांचा मायक्रोमीटर, माझा व्हर्नियर, दोन झेंडू. पिस्तूल ठेवावं की नाही, हे दर वर्षी ठरत नाही. गेल्या वर्षी ते उघडलं, नळीची ती दोन भोकांची कडी तेवढी काढली आणि हळद-कुंकू लावून मायक्रोमीटरशेजारी ठेवली. आईने व्हिडिओ कॉलवर डोळे बारीक करून पाहिलं.

“ते सायकलच्या चेनचं काय रे ठेवलंयस?”

“हो, चेनचंच,” मी म्हटलं.